चाळीसच्या वर, चाळीसच्या खाली

सकाळी ७.३०

लॅब उघडली की आधी मशिन चालू करत नाही, मावशींची बादली कुठे आहे ते बघते. कोपऱ्यातल्या ज्या ओट्यावर एडीएची टेस्ट लागते, तिथे अमोनिया असलेलं काच-फरशी पुसायचं कुठलंही औषध चालत नाही. मावशींना हे पाठ आहे. त्या रजेवर असल्या आणि बदलीवर कुणी आलं की पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. लघवीचे डबेही त्या ओट्यापासून लांब. ही टेस्ट शेवटी अमोनियाच मोजते, आणि तो पेशंटचा की फरशीचा हे तिला कळत नाही.

एडीए म्हणजे अ‍ॅडिनोसिन डीअमायनेज. आपल्या प्रत्येक पेशीत असणारं एन्झाइम. त्याचं काम एकच: अ‍ॅडिनोसिनवरचा अमाइनचा तुकडा काढायचा आणि त्याचं इनोसिन करायचं. काढलेला तुकडा अमोनिया होऊन बाहेर पडतो. एवढ्याशा कामावर आमच्याकडे रोज कुणाला तरी टीबीची सहा महिन्यांची औषधं सुरू होतात, किंवा होत नाहीत.

सोलापुरातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात बायोकेमिस्ट्रीची लॅब मी बघते. फ्रिजचं तापमान वहीत लिहायचं, डिस्टिल्ड वॉटर ताजं भरायचं (शिळं पाणी हवेतला अमोनिया ओढून घेतं), ऑटोअ‍ॅनालायझरला कंट्रोल लावायचे. कंट्रोल बसले की दिवस सुरू.

सकाळी ९.००

ओपीडी. साखर, क्रिएटिनीन, लिपिड, थायरॉइड. उपाशीपोटी आलेले लोक आणि चहा पिऊन येऊन उपाशी आहे म्हणून सांगणारे लोक. यात लिहिण्यासारखं काही नाही. दीड तास मान वर होत नाही, एवढंच.

सकाळी १०.१५

“मॅडम, पाणी आलंय.” वॉर्डातले मामा ट्रे घेऊन दारात.

छातीत पाणी झालं, पोटात पाणी झालं, मणक्यातलं पाणी काढलं. पेशंट, नातेवाईक, मामा, सगळे ‘पाणी’च म्हणतात. फॉर्मवर ते प्ल्युरल फ्लुइड, असायटिक फ्लुइड आणि सीएसएफ होतं. आज तीन आहेत.

पहिलं: २४ वर्षं, स्त्री. उजव्या बाजूला पाणी, तीन आठवडे ताप, कोरडा खोकला. फ्लुइड ट्यूबमधून पलीकडचं बोट दिसेल इतकं स्वच्छ, कडब्याच्या रंगाचं पिवळं. दुसरं: ६७ वर्षं, पुरुष. डावी बाजू, वजन घटलेलं. हे गढूळ, लालसर छटा असलेलं. तिसरं: सहा वर्षांचा मुलगा, सीएसएफ, जेमतेम एक मिलिलिटर. त्यातून बायोकेमिस्ट्रीने थोडं घ्यायचं, मायक्रोबायोलॉजीने घ्यायचं, पेशीही मोजायच्या. लहान मुलाच्या मणक्यातून पुन्हा पाणी काढायला लावणं कुणालाच नको असतं. म्हणून हे सॅम्पल मी स्वतः वाटते.

६७ वर्षांच्या पेशंटचं सगळं फ्लुइड एकाच साध्या ट्यूबमध्ये आलंय, ईडीटीएची जांभळी ट्यूब नाही. पेशी मोजायला ती लागते. साध्या ट्यूबमध्ये फ्लुइड गोठलं की पेशी जाळ्यात अडकतात. वॉर्डला फोन. “सर, काढलेलं अजून बॅगेत असेल तर जांभळ्या ट्यूबमध्ये दोन मिली पाठवा. आणि सायटोलॉजीला भरपूर द्या, पाच-दहा मिलीवर भागवू नका.” रेसिडेंट नवीन आहे, पण पंधरा मिनिटांत पाठवतो. पोरगा कामाचा.

लालसर रंगाचीही नोंद करून ठेवली. तांबड्या पेशींमध्येही एडीए असतं. त्या फुटल्या की आकडा उगाच वर जातो.

सकाळी ११.००

ऑटोअ‍ॅनालायझरवर एडीए चालतं, पण आमच्याकडे दिवसाला येणारी सॅम्पल्स मोजकीच. म्हणून अजून हातानेच लावतो, जिउस्ती आणि गालांती या दोघांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या पद्धतीने. स्टँडवर ट्यूब ओळीने: ब्लँक, स्टँडर्ड, आणि दर पेशंटमागे दोन, एक टेस्ट आणि एक सॅम्पल ब्लँक. टेस्टच्या ट्यूबमध्ये अ‍ॅडिनोसिनच्या बफरमध्ये २० मायक्रोलिटर फ्लुइड. एन्झाइमला समोर खाद्य ठेवलं, आता ३७ अंशांवर त्याला एक तास द्यायचा. सॅम्पल ब्लँकमध्ये तेच फ्लुइड, पण तास संपल्यावर टाकायचं, म्हणजे त्याला काम करायला वेळच मिळत नाही. फ्लुइडमध्ये आधीपासून जो अमोनिया होता, तो या ट्यूबमध्ये उघडा पडतो आणि हिशोबातून वजा होतो.

टेक्निशियनने ट्यूबांना बुचं लावली, स्टँड वॉटर बाथमध्ये ठेवला. ११.२०.

सकाळी ११.२० ते दुपारी १२.२०

या एका तासात बाकीची कामं होतातच, पण मनात हे एन्झाइम घोळत राहतं. याच्यासारखी वळणं दुसऱ्या कुठल्या एन्झाइमच्या नशिबी आलेली मला माहीत नाहीत.

१९७२. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या रक्तपेढीत एलॉइज गिब्लेट नावाच्या डॉक्टर तांबड्या पेशींमधली एन्झाइम तपासत असत. माणसामाणसांत त्यांचे प्रकार कसे बदलतात हा त्यांचा विषय. त्यांच्याकडे एका मुलीच्या रक्ताचा नमुना आला. तिची प्रतिकारशक्ती जवळजवळ नव्हतीच आणि अस्थिमज्जा रोपणाचा विचार चालू होता. गिब्लेटना तिच्या रक्तात एडीए सापडलंच नाही. मग तशाच आजाराच्या दुसऱ्या मुलीच्या रक्तातही नाही. प्युरिनच्या मोडतोडीतलं एक साधं एन्झाइम आणि माणसाची प्रतिकारशक्ती यांचा संबंध असेल, असं तोवर कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

कारण पुढे उलगडलं. एडीए नसलं की डीऑक्सिअ‍ॅडिनोसिन साठत जातं. लिम्फोसाइट पेशी ते आत घेतात, त्याचं डीएटीपी करतात, आणि ते वाढलं की डीएनए बनवायला लागणारा कच्चा माल तयार करणारं दुसरं एक एन्झाइम बंद पडतं. लिम्फोसाइट मरतात. बाकीच्या पेशी बऱ्यापैकी तग धरतात, या धरत नाहीत.

इथे दोन वाटा फुटल्या. एक वाट मुलांकडे गेली: नसलेलं एन्झाइम द्यायचं. गायीचं एडीए पीईजी या रसायनात गुंडाळून टोचायचं औषध अमेरिकेत १९९० साली मंजूर झालं. त्याच वर्षी १४ सप्टेंबरला बेथेस्डामध्ये चार वर्षांच्या एका मुलीच्या पेशींत एडीएचं जीन घालून त्या तिला परत दिल्या, जीन थेरपीचा पहिला अधिकृत प्रयोग. तिचं पीईजी-एडीए चालूच ठेवलं होतं, त्यामुळे यशाचं नेमकं श्रेय कुणाला द्यायचं यावर बराच काथ्याकूट झाला. युरोपात याच आजारावरच्या जीन थेरपीला रीतसर मंजुरी मिळाली ती २०१६ मध्ये.

दुसरी वाट मला जास्त आवडते, कारण तिला डोकं लागलं. एडीए नसलं की लिम्फोसाइट मरतात, तर मग लिम्फोसाइटचाच कॅन्सर असेल तिथे एडीए मुद्दाम बंद का पाडू नये? स्ट्रेप्टोमायसिस या जिवाणूपासून पेंटोस्टॅटिन नावाचा पदार्थ मिळाला होता. अ‍ॅडिनोसिनचं इनोसिन होताना मधल्या क्षणी जो आकार असतो, हुबेहूब तसाच त्याचा आकार. एडीए त्याला पकडतं आणि मग सोडतच नाही. हेअरी सेल ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरसाठी ते १९९१ साली मंजूर झालं. पाठोपाठ क्लॅड्रिबिन आलं. त्याने एडीएला रोखण्याऐवजी चकवलं: डीऑक्सिअ‍ॅडिनोसिनवर क्लोरिनचा एक अणू असा बसवला की एडीएला ते मोडताच येत नाही. पेशीत साठून ते हवा तो परिणाम करतं.

आणि तिसरी वाट आमची, यातली सगळ्यात साधी. १९७८ साली सार्डिनिया बेटावरच्या डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं की टीबीमुळे छातीत झालेल्या पाण्यात एडीए खूप वाढलेलं असतं. छातीच्या पाण्यात टीबीचे जंतू फार थोडे असतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते दहांतल्या एकाही पेशंटमध्ये धड दिसत नाहीत. कल्चरला सहा-सहा आठवडे लागतात आणि तेही पुष्कळदा निगेटिव्ह येतं. सीबीनॅट ही जंतूचं जनुक शोधणारी टेस्ट थुंकीत उत्तम, पण या पाण्यात तीही बरेचदा हुकते. जंतू सापडत नाही, पण त्याच्याशी लढायला जमलेल्या पेशींचं एन्झाइम सापडतं. तेही एका दिवसात, स्वस्तात.

मात्र आपण मोजतो ती जमलेली फौज, जंतू नव्हे. रस्त्यावर पोलीस किती उभे आहेत ते मोजून गावात दंगल आहे की सिद्धेश्वराची यात्रा, हे सांगता येत नाही.

दुपारी १२.३०

फिनॉलचं द्रावण घातलं, मग हायपोक्लोराइट. पुन्हा ३७ अंशांवर थोडा वेळ. ट्यूबांमध्ये निळा रंग चढायला लागतो. ब्लँक फिकट, स्टँडर्ड मध्यम. २४ वर्षांच्या मुलीची ट्यूब स्टँडर्डपेक्षा किंचित गडद. सीएसएफची अगदी पुसट. आणि ६७ वर्षांच्या पेशंटची इतकी गडद की मागचा उजेड दिसेना.

रीडिंग घेतलं. मुलीचं: टेस्ट ०.६२, सॅम्पल ब्लँक ०.०८. स्टँडर्ड ०.५५, ब्लँक ०.०५. वरचा फरक ०.५४, खालचा ०.५०, भागाकार गुणिले ५०. उत्तर ५४ युनिट. छातीच्या पाण्यासाठी सहसा धरली जाणारी रेघ ४०.

मुलाच्या सीएसएफमध्ये ९. तिथली रेघ साधारण १०, तीही वादाची.

६७ वर्षांच्या पेशंटचं रीडिंग किटच्या मर्यादेबाहेर. असा आकडा ‘इतक्यापेक्षा जास्त’ लिहून पाठवता येतो, बरेच जण पाठवतात. मी पाठवत नाही. एकास पाच डायल्यूट करून पुन्हा लावायला सांगितलं. म्हणजे आणखी एक तास.

दुपारी १.३०

ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, दही. टेक्निशियनच्या डब्यात कालची बिर्याणी. बारा मिनिटांत जेवण.

दुपारी २.१५

मुलीचे बाकीचे आकडे आले. फ्लुइडमधलं प्रोटीन ५.२, रक्ताच्या मानाने निम्म्याहून बरंच जास्त, एलडीएचही तसंच. म्हणजे हे पाणी सुजेचं, हृदय किंवा लिव्हरच्या त्रासाने झिरपलेलं नव्हे. हा निकष रिचर्ड लाइट यांनी सांगितला, तोही १९७२ सालचाच. पेशींमध्ये नव्वद टक्के लिम्फोसाइट. सीबीनॅट निगेटिव्ह.

रेसिडेंट खाली येऊन बसला. “मॅडम, हिला एकेटी सुरू करू?” एकेटी म्हणजे टीबीची औषधं.

ठरवायचं डॉक्टरांनी असतं, पण विचारतोय तर बोलते. २४ वर्षांची, एका बाजूला पाणी, तीन आठवड्यांचा ताप, लिम्फोसाइट भरपूर, घरात आजीला गेल्या वर्षी टीबी होऊन गेलेला. इथे ५४ हा आकडा या सगळ्याला दुजोरा देतोय. त्याने मान डोलावली. आता निक्षय या सरकारी टीबी पोर्टलवर नोंद. २०१२ पासून खासगी डॉक्टरलाही टीबी कळवणं बंधनकारक आहे. सहा महिने औषधं. पोषणाचे पैसे खात्यात येतील, आधी महिना ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,०००. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का ते आजच विचार, असं त्याला सांगितलं. नंतर त्यावरून महिने अडकतात.

दुपारी ३.४०

डायल्यूट केलेलं रीडिंग आलं. पाचाने गुणून २८६.

“बाप रे! हा तर पक्काच टीबी ना?” रेसिडेंट अजून इथेच.

आमच्या कामातला सगळ्यात धोक्याचा समज हाच. चाळीसच्या वर गेलं की टीबी, मग २८६ म्हणजे सातपट टीबी. प्रत्यक्षात टीबीचे बहुतेक पेशंट चाळीस आणि दीडशेच्या मधल्या पट्ट्यात असतात. अडीचशेच्या वर गेलेला आकडा बघून टीबीची खात्री वाढवायची नाही, कमी करायची. छातीत पू झालाय का, लिम्फोमा (लिम्फोसाइटचा कॅन्सर) आहे का, हे आधी बघायचं. पू असेल तर न्यूट्रोफिल भरभरून दिसतील. याच्या स्मिअरवर लिम्फोसाइटच आहेत, आणि पॅथॉलॉजीच्या मॅडमनी मघाशी फोन करून सांगितलं, “काही पेशी मोठ्या आहेत, मला आवडल्या नाहीत.” पॅथॉलॉजिस्टला पेशी आवडल्या नाहीत, तर ते कानामागे टाकायचं नसतं.

रेसिडेंटचा चेहरा उतरला. एकेटी सुरू केली असती तर दोन-तीन महिने ‘औषध चालू आहे, वाट बघू’ म्हणत गेले असते. एडीए लिम्फोमातही वाढतं, कारण ते लिम्फोसाइटमध्येही असतं, मग त्या टीबीशी लढणाऱ्या असोत की स्वतःच बिघडलेल्या.

दुपारी ४.००

लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाची (डीएमएलटी) मुलं प्रॅक्टिकलला. आज फळ्यावर हिशोब घातला.

समजा टेस्ट नव्वद टक्के टीबी पकडते आणि टीबी नसलेल्यांत नव्वद टक्के वेळा बरोबर ‘नाही’ म्हणते. आपल्याकडे छातीत पाणी झालेले एक हजार पेशंट आले, त्यातल्या सहाशेंना खरंच टीबी. टेस्ट ५४० पकडेल आणि टीबी नसलेल्या चारशेतल्या ४० जणांना चुकून पॉझिटिव्ह म्हणेल. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या ५८० पैकी ५४० खरे. उत्तम.

आता तीच टेस्ट, तेच किट, तोच निळा रंग, पण देश असा की हजारात टीबी फक्त पन्नासांना. पकडले ४५. चुकून पॉझिटिव्ह ९५. पॉझिटिव्ह आलेल्या १४० पैकी खरे फक्त ४५.

मागच्या बाकावरच्या मुलाने विचारलं, “मग तिकडे ही टेस्ट करतातच कशाला?” चांगला प्रश्न. तिकडे ती निगेटिव्ह आली तर जास्त कामाची. टीबी नाही असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं, आणि कॅन्सर, संधिवात वगैरे बाकीच्या कारणांचा शोध सुरू करता येतो.

एका मुलीला एडीए-१ आणि एडीए-२ यांतला फरक हवा होता. पहिलं सगळ्या पेशींत, त्यातही लिम्फोसाइटमध्ये जास्त. दुसरं मुख्यतः मोनोसाइट-मॅक्रोफेजमधून येतं, आणि टीबीच्या पाण्यात वाढलेलं बहुतेक एडीए हेच असतं. ईएचएनए नावाचं रसायन घातलं की पहिलं बंद पडतं, दुसरं चालू राहतं. त्यावरून दोन्ही वेगळी मोजता येतात. आमचं किट दोघांची बेरीज देतं. २०१४ मध्ये कळलं की काही मुलांमध्ये एडीए-२ जन्मतःच कमी असतं आणि त्यांना अगदी लहान वयात पक्षाघाताचे झटके येतात. हे मी सांगितलं. परीक्षेत येणार नाही म्हणून कुणी लिहून घेतलं नाही.

संध्याकाळी ५.१५

काउंटरवर त्या २४ वर्षांच्या मुलीचे वडील. “ताई, पाण्यात टीबी निघाला का?”

रिपोर्ट काउंटरवर समजावून सांगायचा नाही हा नियम, आणि तो बरोबर आहे. “काका, रिपोर्ट वर गेलाय, डॉक्टर साडेसहाला राउंडला येतील, ते बोलतील.” ते हलले नाहीत. “पण निघाला का?” खरं तर पाण्यात टीबी निघालेला नाही. जंतू कुणीच पाहिला नाही. निघाली ती बाकीची सगळी लक्षणं, आणि एक आकडा. हे काउंटरच्या काचेतून कसं सांगणार? त्यांना वर पाठवलं.

बालरोग विभागातून फोन. मी सीएसएफचा ९ सांगायला लागले, तोवर मॅडम म्हणाल्या, “मी सकाळीच औषधं सुरू केलीत, स्टेरॉइडसकट. सीटीमध्ये हायड्रोसेफॅलस आहे, मुलाच्या मामाला टीबी आहे. तुमच्या नऊसाठी थांबले नाही.” बरं केलं. मेंदूच्या टीबीत वाट बघणं परवडत नाही, आणि नऊ काय नि अकरा काय, त्या मुलापुरता फरक पडला नसता.

संध्याकाळी ६.००

रात्रपाळीच्या टेक्निशियनसाठी वहीत नोंदी. २४/स्त्री, उरलेलं फ्लुइड फ्रिजमध्ये, कल्चरचा निकाल येईपर्यंत टाकू नये. ६/पु, सीएसएफ संपलं, कुणी मागितलं तर नाही म्हणावं. ६७/पु, वॉर्डातून ताजं फ्लुइड सकाळी सातच्या आत घ्यावं; फ्लो सायटोमेट्रीसाठी पुण्याला जाणार, कुरिअरवाला साडेआठला येतो. फॉर्मवर एडीए २८६ लिहावं, कंसात ‘डायल्यूशनने तपासले’. ‘टीबी’ हा शब्द फॉर्मवर कुठेही लिहू नये, वॉर्डने आधीच लिहून पाठवला असेल तर मला फोन करावा. हायपोक्लोराइटची एकच बाटली शिल्लक, ऑर्डर दिली आहे.